माहितीदाता क्रमांक सात

माझ्या प्रबंधातली सातव्या क्रमांकाची माहितीदाता माझी आई होती. हे मी गावाबाहेर आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मार्गदर्शकांना नाही, सहकाऱ्यांना नाही, घरातही नाही. प्रबंधाच्या शेवटी जी यादी जोडली आहे, तिच्यात असं लिहिलंय: क्रमांक सात, स्त्री, वय अंदाजे साठ, शिक्षण नाही, व्यवसाय शेती-मजुरी. शेवटचा रकाना आहे 'संशोधकाशी नाते'. त्यात माझ्या हस्ताक्षरात 'नाही' असं आहे. अक्षर चांगलं आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी चंद्रपुरात एका कॉलेजात मराठी शिकवत होतो. नेमणूक तात्पुरती, दर जूनला नवं पत्र. पीएच.डी. झाली की नोकरी पक्की होईल, असं सगळे सांगत. तेव्हा आमच्या विषयात संशोधन म्हणजे पोथी. एकाच ग्रंथाच्या चार हस्तलिखित प्रती मिळवायच्या, शेजारीशेजारी मांडायच्या आणि कुठल्या लेखनिकानं कुठं काय बदललं ते टिपत बसायचं. मीही दीड वर्ष तेच केलं. माझ्या मार्गदर्शकांची सगळी हयात त्यात गेली होती. नागपुरातल्या त्यांच्या खोलीत शिरलं की डांबरगोळ्यांचा वास नाकात बसायचा तो परतीच्या एसटीतही जात नसे.

एका उन्हाळ्यात ते कुठल्याशा प्रशिक्षणवर्गाला गेले आणि टेपरेकॉर्डर घेऊन परतले. टेबलावर पोथ्यांच्या जागी तो ठेवलेला. मला म्हणाले, "तुझा विषय बदलू या. पोथ्या कपाटात राहतील. म्हातारी माणसं राहणार नाहीत. तू तिकडचाच ना? झाडीतली बोली घे."

मी तिकडचाच होतो, वैनगंगेकाठच्या धानाच्या मुलखातला. पण ते मी फारसं कळू देत नसे. नागपूरच्या वसतिगृहात पहिल्या वर्षी मी वर्गात 'मले' म्हणालो आणि पोरं हसली. मुद्दाम अपमान कुणी केला नव्हता. हसली, एवढंच. ते मला पुरलं. वर्षभरात मी जीभ घासून लख्ख केली. पुढे स्टाफरूममध्ये कुणी खेड्यातल्या पोरांची नक्कल करून 'का रे'च्या जागी 'काऊन गा' म्हणालं, की सगळ्यांत मोठं हसू माझं असायचं. आता तीच बोली मला वहीत उतरवून आणायची होती, आणि तीही प्रवासभत्ता घेऊन.

नव्या पद्धतीचे नियम कडक होते. माणूस वयस्क हवं, शाळेत न गेलेलं, गाव न सोडलेलं. आणि ते नात्यातलं नको. नात्यातल्या माणसाचं बोलणं संशोधकाला आधीच माहीत असतं, म्हणून तो कानाने ऐकत नाही, आठवणीने ऐकतो, असं कारण सांगत. कारण खोटं नव्हतं.

सहा माणसं मी नियमाप्रमाणे शोधली. सहाही जणांनी माझी दांडी उडवली. यंत्राचं लाल बटण दाबलं की माणूस ताठ व्हायचा. मूल गावाजवळचे एक म्हातारेबुवा, एरवी दिवसभर वाघाच्या गोष्टी सांगणारे, घसा खाकरून म्हणाले, "उपस्थित बंधू आणि भगिनींनो." मी म्हटलं, "भाऊ, घरी बोलता तसं बोला." तर म्हणाले, "घरी कोन रेकार्ड करते जी?"

सातवी म्हणून ठरवलेली म्हातारी मुलाला कोळसा खाणीत नोकरी लागल्यामुळे माजरीला गेली होती. तिथवर जाऊन तिला भेटलो. शेजारपाजार परप्रांतीय, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं हिंदीत होत होतं. रिकाम्या कॅसेटा घेऊन मी शनिवारी वैनगंगेपलीकडे आमच्या गावी गेलो. गावाकडचा जिल्हा नुकताच चंद्रपुरापासून वेगळा झाला होता. कागदोपत्री मी आता दुसऱ्या जिल्ह्यात पाहुणा होतो.

आईनं पिशवीतलं यंत्र पाहिलं. "हे काय आनलं? रेडिओ?"

"यात बोललं की ते बोलणं राहतं."

"राह्यते? मंग तुह्या काकीचं भरून ठेव. उद्या नाई म्हनाले नको तिले."

मी बटण दाबलं होतं. तिला ते कळलंही नाही, किंवा कळूनही फरक पडला नाही. दीड तास ती बोलत होती. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या वेळी काकीनं आमच्या बांधीतलं, भातखाचरातलं पाणी कसं फोडून नेलं, पऱ्हे, म्हणजे रोपं कशी वाळली, ती बांधावर उभी राहून काय म्हणाली आणि काकी काय म्हणाली, दोघींच्या आवाजांत. त्या दीड तासात माझा प्रबंध उभा राहिला.

मार्गदर्शकांनी कॅसेट ऐकली आणि चष्मा काढून ठेवला. "ही बाई कुठं मिळाली तुला?"

"नदीपलीकडे, सर."

"नात्यातली नाही ना?"

"नाही."

एवढंच झालं. इतकं सोपं होतं. पण ही नुसती नियमाची भीती नव्हती. खरं सांगून मी एक माहितीदाता गमावला असता, नोकरी नाही. सातऐवजी सहा चालले असते. बांधावर उभी राहून भांडणारी ती बाई आपली आई आहे, हे त्या खोलीत म्हणायची माझी हिंमत नव्हती. नियम आयता मिळाला.

मग त्यांनी विचारलं, "इतकी मोकळी कशी बोलली?" आणि लिहून आणायला सांगितलं. मी एक पान लिहिलं. संशोधकानं पहिल्या भेटीत यंत्र दाखवू नये, दुसऱ्या भेटीत कामात हात लावावा, तिसऱ्या भेटीत स्वतःबद्दल सांगावं, विश्वास हळूहळू संपादन करावा, असं ते पान आहे. भाषा उत्तम जमली. त्यातली एकही भेट झालेली नाही.

पुढच्या वर्षी, धान चुरून, मळणी आटोपल्यावर, पुण्याकडचे एक ज्येष्ठ अभ्यासक विद्यापीठाच्या बोलावण्यावरून आले. ही नवी पद्धत आमच्याकडे ज्यांनी रुजवली त्यांच्यापैकी ते एक. माझा प्रबंध तपासायला त्यांच्याकडेच जाणार होता. कॅसेट ऐकून ते म्हणाले, "या बाईंना मला प्रत्यक्ष ऐकायचंय."

मी आदल्या दिवशी गावी गेलो. आई सुपात तांदूळ पाखडत होती.

"उद्या एक मोठे साहेब येणार आहेत. तुझं बोलणं ऐकायला."

"माह्यं बोलनं? सिनेमा हाये का थो?"

"त्यांना... म्हणजे मी त्यांना सांगितलेलं नाही, की तू माझी..."

सूप थांबलं. "काऊन?"

"कागदावर चालत नाही. नात्यातलं माणूस चालत नाही."

"कागदावर चालत नाई, का तुले चालत नाई?"

तिनं सूप पुन्हा हलवायला घेतलं. थोड्या वेळानं म्हणाली, "बरं. मंग तुले काय म्हनू मी? सर म्हनू?" आणि हसली. ते हसू टोमण्याचं होतं की नव्हतं, याचा निकाल मी अजून लावू शकलेलो नाही. एरवी तिच्या बोलण्यातला प्रत्येक चढउतार मी चिन्हं लावून दाखवला आहे.

रात्री मी परतलो, आणि दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना घेऊन फाट्यावर एसटीतून उतरलो; आम्ही दोघं पायवाटेनं निघालो. वाटेत भेटलेल्या प्रत्येकानं मला नमस्कार केला. "नमस्कार सर." बोडीत, म्हणजे आमच्या गावतळ्यात, ज्यानं मला पोहायला शिकवलं तो माणूस बैल बाजूला घेऊन म्हणाला, "नमस्कार सर, या." ज्या काकीची भांडणं माझ्या कॅसेटमध्ये होती ती काकी दारात उभी राहून पदर सारखा करत म्हणाली, "सर आले वाटते." आईनं घरोघर जाऊन काय सांगितलं ते मला कधीच कळलं नाही. अख्ख्या गावानं मिळून माझं खोटं सांभाळलं, आणि एकानंही डोळा मिचकावला नाही.

घरात शिरलो. पदवीच्या झग्यातला माझा फोटो भिंतीवर असायचा. तिथं आता कॅलेंडर होतं. मी काही बोललो नव्हतो. तिनं आपल्या मनानं केलं होतं.

पाहुणे भले गृहस्थ होते. जमिनीवर मांडी घालून बसले, चहा घेतला, धानाच्या जातींबद्दल विचारू लागले. आई रंगात आली. "साहेब, तुमच्याकडे धान पिकत नाई का जी? नुसतं खाताच?" ते खळखळून हसले. यंत्र चालू होतं. मी कोपऱ्यात वही धरून बसलो होतो, माझ्याच घरात, पाहुण्यासारखा पाय आखडून.

मग त्यांनी सहज विचारलं, "बाई, मुलंबाळं किती?"

ती माझ्याकडे पाहील असं मला वाटलं. तिनं यंत्राकडे पाहिलं.

"होता जी एक पोरगा. शिकाले गेला. मंग तिकडचाच झाला थो."

"येतो का भेटायला?"

"येते ना जी. काम असलं म्हंजे येते."

पाहुण्यांनी समाधानानं मान डोलावली. मला हळूच म्हणाले, "हे वाक्य नक्की घ्या. किती सहज आहे पाहा."

मी ते घेतलं. चौथ्या प्रकरणात उदाहरण म्हणून आहे. खाली प्रमाण मराठीत अर्थ दिला आहे: 'मला एक मुलगा होता.'

त्यांना फाट्यावर एसटीत बसवून मी एकटा परत आलो. आईनं धान साठवायच्या ढोलीत कोपरापर्यंत हात घालून फोटो बाहेर काढला. काचेवर कोंडा बसला होता. पदरानं पुसत म्हणाली, "मंग? पास झाली का मी?"

"झालीस."

"अन् तू?"

मीही झालो. पाहुण्यांनी अहवालात त्या भेटीचा खास उल्लेख केला. नोकरी पक्की झाली. दशक संपायच्या आत प्रबंधाचं पुस्तक झालं. मी पहिली प्रत घेऊन गावी गेलो. तिनं ती हातात तोलली. "यात मी कुठी हाव?" मी तिचं बोट धरून सात या आकड्यावर ठेवलं. बराच वेळ तिनं ते तिथंच ठेवलं. मग म्हणाली, "अन् बाकीचे सहा कोन?" मी नावं सांगितली. मूलच्या म्हाताऱ्याचं, बाकीच्यांचं. सहाही जणांची नावं यादीत छापलेली होती. त्यांच्या नावानं मला काही धोका नव्हता. फक्त सातव्या ओळीत 'नाव देण्याची इच्छा नाही' असं होतं. ते मी तिला वाचून दाखवलं नाही. ती गेली तेव्हा पुस्तक ट्रंकेत लुगड्यांखाली होतं.

विषयाचं म्हणाल तर तो थांबला नाही. माझ्या यादीनंतर मोजणीचा काळ आला. शंभर माणसांना एकच प्रश्न विचारायचा आणि टक्केवारी काढायची. मी तेही शिकलो आणि शिकवलं. मग कानांवरून डोळ्यांवर, म्हणजे आवाजाच्या आलेखांवर, यंत्रावरून संगणकावर. दर दहा-बारा वर्षांनी आधीच्यांचं सगळं चुकलं असं सांगणारी एक पिढी येते, आणि तिचं बरंचसं बरोबर असतं. मला याची खंत नाही. पोथ्यांच्या कपाटातून निघून मी माणसांकडे गेलो, ते चांगलंच झालं. माझी नोंदही चोख आहे. त्या कॅसेटमधला एकेक उच्चार मी बरोबर उतरवला आहे, आणि ते आजही मी कुणापुढेही छातीठोक सांगेन. फक्त मी लिहिलेलं ते विश्वास संपादन करण्याचं पान सगळ्या बदलांतून तगलं. कार्यशाळांत तेच वाचलं जातं. त्यावर बोलायला मला बोलावतात. मी जातो.

यंदा मुलचेऱ्याकडची एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. तिचे आजी-आजोबा निर्वासित म्हणून तिथं वसवलेले बंगाली. ती आपल्या आजीच्याच बोलण्यावर काम करते आहे. बंगालीत मराठी कशी मिसळली, ते. प्रकरण पुढे ठेवून म्हणाली, "सर, पहिल्याच पानावर लिहिलंय की ती माझी आजी आहे. मी कोण, ती कोण, मी तिच्यासमोर काय बोलू शकत नाही, सगळं. आता तसं लिहावंच लागतं. पण तुमच्या वेळी चालत नव्हतं ना?"

"नव्हतं," मी म्हणालो.

"मग तुमची ती सात नंबरची बाई इतकी कशी बोलली हो? मी ते पान तीनदा वाचलं. मला तर सख्ख्या आजीशी इतकं जमत नाही."

उत्तर ओठांवर होतं. दोन अक्षरांचं. मी तिच्या प्रकरणावर सही केली आणि म्हटलं, "सराव लागतो." ती वहीत लिहून घेऊन गेली. त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत, मी हे लिहायला घेतलं.

माझ्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघते आहे. दुरुस्त्या पाठवा, असं पत्र येऊन महिना झाला. मी अजून काही पाठवलेलं नाही. पाठवायचं आहे ते असं: ते विश्वासाचं पान काढून टाकावं. सातव्या ओळीत आईचं नाव छापावं. नात्याच्या रकान्यातलं 'नाही' खोडून तिथं 'आई' लिहावं. चौथ्या प्रकरणातल्या त्या वाक्याखाली, तो मुलगा समोरच बसला होता, अशी टीप द्यावी. या लेखात मी तिचं नाव लिहिलेलं नाही, कारण ते आधी त्या ओळीत यायला हवं. तेवढं मी तिचं देणं लागतो, आणि आज हे लिहून संपवताना ते दिलेलं नाही.