भरिताच्या शेतातलं बोलणं

हिवाळ्यात एरंडोल रस्त्यावरच्या माझ्या शेतात आम्ही तिघे मित्र भरीत करतो. कपाशीच्या काड्यांचा जाळ, त्यात हिरवी वांगी. वांगी भाजण्याचा मान कुलर दुरुस्त करणाऱ्या मित्राचा. त्याचं दुकान पाचोऱ्यात, घर मुसलमानांच्या मोहल्ल्यात. दुसरा मित्र कॉलेजात खांद्याला झोळी लावून क्रांती आणायचा. आता गळ्यात उपरणं घालून संस्कृती वाचवतो. मधल्या काळात तो काही आणतही नव्हता, वाचवतही नव्हता. तेव्हा फार चांगला होता.

शेतातला रिवाज असा की अहिराणीच बोलायचं आणि कोणाचीही टिंगल करायची, स्वतःची आधी. दोन हिवाळ्यांपूर्वी कुलरवाला वांगं उलटत म्हणाला, "आमना मोहल्लामा देश कोन चालावस ते कोनलेच माहीत नही भाऊ. नळ कोन सोडस, तेवढं बठ्ठासले माहीत शे!"

आम्ही पोट धरून हसलो. माझ्या गल्लीतही नळ सोडणारा सगळ्यांना माहीत, देश चालवणारा कोणालाच नाही. उपरणंवाल्याला तर ठसका लागला. पाणी मीच दिलं.

यंदाच्या निवडणुकीत पाचोऱ्याला उपरणंवाल्याची सभा होती. मित्र म्हणून आम्ही दोघे गेलो, मागच्या खुर्च्यांवर बसलो. त्याची मराठी इतकी शुद्ध झाली होती की ओळखू येईना. मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "त्यांच्यातल्याच एका सुज्ञ गृहस्थाने माझ्याजवळ कबूल केलं आहे, की त्यांच्या वस्तीत देशाची कोणालाही पर्वा नाही."

टाळ्या पडल्या. कुलरवाला माझ्याकडे झुकला. म्हणाला, "नळ ऱ्हाई गया."

त्या मोहल्ल्यातून उपरणंवाल्याबरोबर जेवायला बसणारा माणूस एकच. सुज्ञ गृहस्थ कोण, हे शोधायला कोणाला वेळ लागला नाही. मशिदीबाहेर एका म्हाताऱ्याने कुलरवाल्याला विचारलं, "हमारी तरफ से कबूल करने को तुझे किसने भेजा?" ज्या टपरीवर वर्षानुवर्षं त्याचा चहा न सांगता यायचा, तिथे आता तो आला की गप्पा बंद होतात.

मी उपरणंवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "मी त्याचं नाव घेतलं का? उलट सुज्ञ म्हटलं." शब्द जपून वापरल्याचं समाधान त्याच्या आवाजात होतं.

या हिवाळ्यात मी दोघांनाही बोलावलं. समेट होईल असं वाटलं होतं. उपरणंवाला उशिरा आला, उपरणं गाडीत ठेवून. जाळाजवळ बसत म्हणाला, "भाऊ, मनवर लेऊ नको. भाषनमा आसं चालसच. सांग, काही नवीन सांग."

कुलरवाल्याने वांगं उलटलं. "माईक बंद शे ना?"

उपरणंवाला मोठ्याने हसला. हसणारा तो एकटाच होता, हे कळल्यावर थांबला. मग आम्ही वांग्यांबद्दल बोललो. यंदा बिया फार आहेत, मिरची कमी तिखट आहे. जेवण असं पार पडलं. उपरणंवाला गेल्यावर आम्ही विस्तवावर माती लोटली.

परत येताना कुलरवाला माझ्या स्कूटरवर मागे बसला होता. शेत मागे पडल्यावर त्याने एक नवा किस्सा सांगितला. गाडी बाजूला घ्यावी लागेल इतका मी हसलो. नळाचा किस्सा इथे लिहिला, कारण तो आधीच जाहीर सभेत वाटून झाला होता. हा लिहिणार नाही.