तिचं पळणं मी बंद केलं

अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात मी गणित शिकवतो. काही वर्षांपूर्वी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला तलवाड्याकडची एक मुलगी होती. आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जायचे, ही वसतिगृहात राहायची. रोज पहाटे मैदानावर पाच-सहा किलोमीटर पळून ती माझ्या पहिल्या तासाला हजर असायची. पहिल्या वर्षी ती वर्गात पहिली आली होती. मला वाटायचं, पळत नसती तर विद्यापीठात पहिली आली असती.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी तिनं चार दिवसांची रजा मागितली, तेव्हा मी भर वर्गात म्हणालो, "पळून कुणाला पदवी मिळत नाही." मुलं हसली. ती खाली बघत राहिली. तेवढ्यावर मी थांबलो नाही. तिचे वडील उसाच्या फडात होते, त्यांना फोन लावून पोरगी अभ्यास सोडून मैदानावर असते, असं सांगितलं.

"तुमी म्हणताल तसं, सर," ते म्हणाले. "आमाला त्यातलं काय कळतंय?"

दुसऱ्या दिवसापासून तिचं पळणं बंद झालं. मी खूश होतो. पण महिनाभरात ती तासाला पेंगू लागली, सोपी गणितं अर्धवट सोडू लागली. मला मोबाइलचा संशय आला. वसतिगृहाच्या बाईंना मी तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितलं. सत्राचा निकाल लागला आणि ती नेमकी माझ्याच विषयात नापास झाली.

रागावायचं म्हणून मी तिला बोलावून घेतलं. असं का झालं, हे तिनं उभ्या-उभ्या सांगितलं. आवाजात तक्रार नव्हती.

"सर, सकाळी पळून आलं की दिवसभर डोकं शांत राहायचं. वाचलेलं ध्यानात राहायचं. आता झोपच लागत न्हाई. सारखं आई-बाबांचं मनात येतं."

एवढी वर्षं मुलं शिकवली आणि शरीर थकलं की मन निवतं, हे मला एका पोरीनं सांगावं लागलं.

मी तिच्या वडिलांना पुन्हा फोन केला. माझं चुकलं, असं म्हणालो. त्यांनी विचारलं, "मंजी आता पळू द्यायचं का, सर?"

ती पुन्हा पळू लागली. राहिलेला पेपर निघाला, पदवीही मिळाली, पण गुण पहिल्यासारखे नव्हते आणि महाविद्यालयाच्या धावण्याच्या संघातली जागा गेली ती गेलीच. निकालानंतर ती पेढे घेऊन माझ्या घरी आली.

"तुमी बाबांना परत फोन केला म्हणून झालं, सर," ती म्हणाली.

पहिल्या फोनबद्दल तिची माफी मागायला हवी होती. मी पेढा घेतला आणि पुढं काय करणार, एवढंच विचारलं.