पलातिउमची चिठ्ठी

बाबा शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांची कुळं शोधायचे. एका शब्दाची एक चिठ्ठी, खाली सही. पुरावा नसेल तिथे तांबड्या शाईने ‘अनिश्चित’ लिहायचे. कचेरीत त्यांना ‘अनिश्चितराव’ म्हणत. लग्नाला किती वर्षं झाली विचारलं, तरी हा माणूस आधी कपाटातला दाखला काढायचा. आम्ही हसून हसून बेजार व्हायचो.

आईने अंथरूण धरलं तेव्हा त्यांच्याकडे ‘पलातिउम’ होता, राजवाड्यासाठीचा लॅटिन शब्द. चिठ्ठ्या घेऊन ते तिच्या उशाशीच बसत. एका दुपारी मी तिला औषध देत होते आणि ते तिला सांगत होते, “हे मुळात रोममधल्या एका टेकडीचं नाव. सम्राटांनी तिथे घरं बांधली, आणि टेकडीचं नाव घराला लागलं. पुढे सगळ्याच राजवाड्यांना.”

“म्हणजे टेकडीचं नाव फुकटात पळवलं की!” आई कितीतरी दिवसांनी हसली. “पण टेकडीला ते कशावरून पडलं?”

“कोणी म्हणतं मेंढपाळांच्या देवीवरून, कोणी म्हणतं कुंपणाच्या खुंटावरून. नक्की सांगता येत नाही.”

आईने औषधाचा घोट घेतला. मग म्हणाली, “अहो, मी बरी होईन ना?”

मी बाबांकडे डोळे वटारले. ‘हो’ म्हणा, एवढंच. डॉक्टरांनीही आम्हाला ठाम काही सांगितलं नव्हतं. बाबांनी चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाले, “नक्की सांगता येत नाही.”

आईने कूस बदलली. त्यानंतर तिने कुणालाच काही विचारलं नाही. नवव्या दिवशी ती गेली. मला बाबांचा इतका राग आला होता की महिनाभर मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

एका संध्याकाळी मी भाजी निवडत होते. ते समोर येऊन बसले. पार खंगले होते.

“मी ‘हो’ म्हणालो असतो, तर तिला बरं वाटलं असतं का गं?”

वाटलं असतं. तेवढ्या एका शब्दावर ती नऊ दिवस सुखाने झोपली असती. ओठांवर आलेलं मी गिळलं.

“नाही बाबा. तिला खोटं कळलं असतं. तुम्ही खरं बोललात, तेच तिला आवडलं.”

कशावरून म्हणतेस, असं त्यांनी विचारलं नाही. “बरं झालं,” म्हणाले, आणि माझ्या हातातली जुडी घेऊन भाजी निवडू लागले.