भाड्याच्या खुर्चीची किल्ली

आमच्या गल्लीत माझी एक गोष्ट सांगतात. वॉटर पार्कात नवऱ्याच्या खुर्चीची किल्ली हरवली, तेव्हा ही बाई कशी धाय मोकलून रडली — ही ती गोष्ट. नणंदेनं ती सांगितली, शेजारणीनं सांगितली, खुद्द नवऱ्यानं आल्यागेल्याला सांगितली. मी एकदाही सांगितली नाही. आणि तिच्यात खोटं काय आहे, हेही कुणापाशी बोलले नाही — भावापाशी नाही, लेकीपाशी नाही, देवापुढं हात जोडले तेव्हाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही. तुमच्याजवळ जमेल असं वाटतंय. बघू.

माझे यजमान चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्यात फिटर होते. शेडवर चढले असताना पायाखालचा पत्रा फुटला. जीव वाचला, कमरेखालचं बळ गेलं. घरात आम्ही वेल्डरकडून एका स्टुलाला चाकं लावून घेतली होती. त्याच्यावर हे मोरीपर्यंत जायचे, दारापर्यंत जायचे. दारापुढं पायऱ्या. म्हणजे तिथं जग संपलं.

मी घरीच शिवणकाम करायची. मशीनवर पाय ठेवला की हाक यायची — "अगं." पाणी पाहिजे. "अगं." पंखा कमी कर. "अगं." उशी सरकली. वाईट माणूस नव्हता हो. कधी शिवी दिली नाही, हात उगारला नाही. पण दिवसभर ते "अगं". माझं नावच विसरल्यासारखं झालं होतं मला. हे मी सबब म्हणून सांगत नाही. नाही — थोडं सबब म्हणूनच सांगत असेन. तुम्ही ती धरू नका.

आमची भागी तेव्हा सातवीत. वर्गातल्या मुली गावाबाहेरच्या वॉटर पार्कात जाऊन आल्या, तसा हिनं हट्ट धरला. पप्पांसकट जायचं म्हणाली. मला वाटलं हे नको म्हणतील. तर हे हसून म्हणाले, जाऊ की. इतक्या दिवसांनी ह्यांना कुठंतरी जायचं होतं.

सात रस्त्याजवळच्या एका दुकानातून चाकाची खुर्ची भाड्यानं आणली. दुकानदारानं बजावून सांगितलं — पार्कात खुर्ची मोकळी सोडू नका. लोक आपल्या म्हाताऱ्याला बसवून खुशाल घेऊन जातात, कुणी सरळ टेम्पोत टाकतं. मग मी सायकलची साखळी आणि कुलूप पिशवीत टाकलं. ह्यांनी तर दुकानदाराचं बोलणं मनावरच घेतलं. पार्कात शिरल्यापासून एकच — चाकाला हात लावणाऱ्याकडं बघ, खुर्ची सोडू नको, परक्याची वस्तू आहे.

पाण्याजवळ खुर्ची नेऊ देत नव्हते. तिथल्या दोन माणसांनी ह्यांना उचलून लहान मुलांच्या उथळ तळ्याच्या कट्ट्यावर बसवलं, पाय पाण्यात सोडले. पायांना पाणी लागल्याचं ह्यांना कळत नव्हतं, तरी वाकून वाकून बघत होते. खूश होते. मी खुर्ची थोड्या अंतरावरच्या रेलिंगला साखळीनं बांधली आणि किल्ली ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवली.

भागी मला ओढून मोठ्या घसरगुंडीकडं घेऊन गेली. मी भीत भीत वर चढले आणि खाली आले. नाकातोंडात पाणी गेलं. आणि मी हसले — मोठ्यानं, तोंडावर हात न ठेवता. असं शेवटचं कधी हसले होते? पुन्हा रांगेत उभी राहिले. भागी मैत्रिणी भेटल्या म्हणून दुसरीकडं पळाली. मी एकटीच जिना चढत होते, तेव्हा वरून ह्यांचा हात दिसला. वर केलेला.

मग हाक ऐकू आली.

"अगं."

गाण्यांचा गोंगाट होता, पोरांचा आरडाओरडा होता. ऐकू आली नाही असं म्हणता आलं असतं. पुढं तेच म्हणाले मी. पण मला ऐकू आली होती. हाक कशाची, तेही कळलं होतं. ह्यांना लघवीची जाणीव व्हायची, पण फार वेळ धरून ठेवता यायची नाही. त्या हाकेला एक वेगळी घाई असायची, ती मी ओळखायची.

मी जिना उतरले. ह्यांच्याकडं निघाले, हे खरं. चार पावलं गेलेही असेन. मग काय झालं माझ्या पायांना? उसाच्या रसाचा एक गाडा होता. त्याच्या आडोशाला जाऊन उभी राहिले.

ह्यांनी एका बाईला काहीतरी सांगितलं. ती खुर्चीपाशी गेली, साखळी हलवून बघितली, लांबूनच नाही अशी मान हलवली आणि आपल्या पोराच्या मागं निघून गेली. ह्यांनी अजून दोनदा हाक मारली. मग कट्ट्याच्या बाहेरच्या बाजूला खाली घसरले आणि कोपरांवर अंग ओढत खुर्चीकडं निघाले. ओल्या फरशीवरून. माणसं बाजूला सरत होती, वाट देत होती. वाट देणं सोपं असतं.

मी बघत होते. धावत गेले असते तर पोचले असते. ओढणीची गाठ माझ्या मुठीत होती, आतल्या किल्लीचे दाते तळव्याला टोचत होते. आणि माझ्या मनात काय होतं, माहीत आहे? कळू दे. एक दिवस तरी कळू दे, मी नसले तर काय होतं. हे मी कुणा दुश्मनाबद्दल म्हणत नव्हते. ज्यानं बाळंतपणात माझे पाय चेपून दिले होते, त्या माणसाबद्दल म्हणत होते.

खुर्चीपर्यंत पोचले हे. साखळीला हिसडा दिला. पुन्हा दिला. मग हात थांबला, मान खाली गेली, आणि मला लांबूनही समजलं. विजारीखालून ओघळ पसरत गेला. तिथली फरशी कोरडी होती, त्यामुळं कुणाच्या नजरेतून सुटलं नाही. एका बापानं आपल्या पोरीचं तोंड दुसरीकडं वळवलं. समोरून भागी आली, मैत्रिणींबरोबर. बघितलं आणि जागच्या जागी थांबली.

तेव्हा मी धावले. आता धावले! वाटेतच रडू फुटलं, आणि ते रडू खोटं नव्हतं — हेच तर घाण आहे. ह्यांच्यापाशी बसले आणि म्हणाले, "किल्ली घसरगुंडीत पडली हो. मी शोधत होते."

ओढणीला गाठ तशीच होती. मी ती मुठीत दाबून धरली.

वॉचमननं लोखंड कापायची करवत आणली. साखळी तुटेपर्यंत हे जमिनीवर बसून होते, मांडीवर भागीचा टॉवेल. वॉचमन म्हणाला, ताईंनी साखळी लावली ते बरं केलं, हितं खुर्च्या लई जातात. घोळक्यातल्या एका म्हातारीनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. कपडे बदलायच्या खोलीत जाऊन मी गाठ सोडली आणि किल्ली गटारीच्या जाळीतून खाली टाकली. तेवढं काम मात्र पटकन केलं.

परत येताना रिक्षात हे मांडीवरचा टॉवेल नीट करत होते. मग म्हणाले, "मीच खुर्ची-खुर्ची केलं. म्हणून तू कुलूप लावलीस. तुजी काय चूक न्हाय."

त्या क्षणी सांगता आलं असतं. रिक्षा कंबर तलावाच्या कडेनं चालली होती. भागी बाहेर बघत होती. मी ह्यांचा हात हातात घेतला. सांगितलं नाही.

त्यानंतर हे पायऱ्यांच्या खाली उतरले नाहीत. भागीला दहावीत बक्षीस मिळालं, शाळेनं आईवडिलांना बोलावलं. हे म्हणाले, तुमी जावा. दवाखान्यात जायचंही टाळायला लागले. पाठीला जखमा झाल्या तेव्हा डॉक्टरांनाच घरी आणावं लागलं. हाकही कमी झाली. कधीकधी तहानलेले पडून राहायचे, मी मशीनवरून उठेपर्यंत. मला शांतता पाहिजे होती ना? मिळाली. आणि पाहुणे आले की किल्लीची गोष्ट हसत हसत सांगायचे — ही रडत होती आणि मीच हिला गप करत होतो म्हणून. मी आत चहा टाकायला जायची.

मागच्या हिवाळ्यात गेले. आतल्या खोलीतच.

कार्याच्या दिवशी दुधनीहून थोरले दीर आले होते. धाकट्या भावाला ते कानडीत तम्मा म्हणायचे. जेवणं झाल्यावर सगळ्या भावकीपुढं, भागीपुढं ते मला म्हणाले, "तू माझ्या तम्माचं लई केलीस. त्याची एक हाक कदी वाया जाऊ दिली न्हाईस."

बायकांनी डोळ्यांना पदर लावला. भागीनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. मी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं.

आणि मला बरं वाटलं.