वीज वाचवणारी खूण

आमच्या काकूने रोवणा सोडला तो बोटांसाठी. आंधळगावच्या पलीकडे, तलावाखालच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, बायांची एक टोळी दर आषाढात धानाचे पऱ्हे, भाताची कोवळी रोपे, रोवत फिरते. त्या ओळीत धुऱ्याकडची, बांधालगतची पहिली जागा अनेक वर्षे काकूची होती. पहिली बाई वेग ठरवते आणि गाणेही तीच उचलते. जागा कोणी दिलेली नसते, पण सगळ्यांना ती ठाऊक असते.

काका गेल्यावर काकूला विधवांसाठीचे सरकारी मानधन सुरू झाले. ते चालू राहायला अधूनमधून सुविधा केंद्रात बोटाचा ठसा द्यावा लागे. रोवण्याच्या दिवसांत बाया दुपारच्या सुट्टीतच केंद्रात जाऊ शकत. दुपारी गावात वीज नसे, त्यामुळे केंद्रचालकाचा लॅपटॉप बॅटरीवर चाले. या दोन गोष्टींचा संबंध तेव्हा कोणी जोडला नाही.

काकूने बोट ठेवले की ठशाच्या यंत्राचा लाल दिवा विझे. पडद्याच्या कोपऱ्यात इंग्रजीत सूचना येई: जोडलेल्या उपकरणात अडचण आहे, काढून पुन्हा जोडा. चालक तसे करी. दिवा लागे आणि पान उघडेपर्यंत पुन्हा विझे. चालक भला माणूस होता. सूचनेत कारण नव्हते, म्हणून त्याने समोर दिसले ते कारण धरले.

"काकू, चिखलानं बोटं घासून गेली तुमची. मशीन का करन?"

हे कोणालाही पटण्यासारखे होते. रोवणाऱ्या बाईची बोटे खरोखरच झिजतात. दुपारी ठसा न उमटता परत गेलेल्या बाया सगळ्या रोवणाऱ्याच होत्या. सकाळी वीज असताना येणाऱ्या दुकानदारांचे ठसे लगेच उमटत.

काकूने त्या वर्षी टोळी सोडली. रात्री बोटांना तेल चोळून ती झोपे. बायांनी थट्टा केली, मालकीणबाई आता हात पाण्यात घालत नाहीत म्हणून. दिवाळीनंतर एका सकाळी ती केंद्रात गेली आणि ठसा पहिल्या खेपेलाच उमटला. झाले, बोटांचाच दोष होता हे ठरून गेले. पुढच्या आषाढातही ती घरीच राहिली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी सुट्टीवर गावी होतो. एका दुपारी केंद्रात बसलो असताना शाळेतल्या शिक्षिकेचा ठसा घेताना तोच दिवा विझला. त्यांच्या बोटांना दोष देता येईना. चालकाने तुमसरहून दुरुस्तीवाला बोलावला. बॅटरीवर असताना वीज वाचवण्यासाठी जोडलेली यंत्रे बंद करायची, या पर्यायापुढे लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये आधीपासून बरोबरची खूण होती. त्याने ती काढली आणि चहा पिऊन तो गेला.

यंत्र आपणच बंद केले, हे लॅपटॉपला ठाऊक होते. सूचनेत तेवढेच लिहिलेले असते, की बॅटरी वाचवण्यासाठी हे उपकरण बंद केले आहे, नको असल्यास इथे बदला, आणि तेही मराठीत, तर चालकाने ते नक्की वाचले असते. तो सूचना वाचत असे. तीत त्याच्या कामाचे काही नव्हते.

संध्याकाळी काकूला हे सांगितले. ती कोथिंबीर निवडत होती.

"मंग माही बोटं तवाबी चांगलीच होती?"

होती, म्हटले.

"दोन्ही सालं?"

"दोन्ही."

ती पुन्हा कोथिंबीर निवडू लागली.

आषाढात ती टोळीत परत गेली. कोणी नको म्हटले नाही. पण धुऱ्याकडच्या जागेवर आता तिच्या जावेची सून होती, आणि तिचा वेग काकूच्या वेगाहून वेगळा होता. काकू दोन बांध्यांत मागे पडली. तिसऱ्या बांधीत सुनेने अदबीने सुचवले, "आत्याबाई, तुमी पऱ्ह्याच्या पेंढ्या द्या ना आमाले." ते काम एरवी गडी करतात. काकू धुऱ्यावर चढली आणि पेंढ्या फेकू लागली. गाणे सुनेने उचलले होते.