अण्णांचे आठ दिवस

आमच्या घरमालकांइतका झटपट निर्णय घेणारा माणूस पंचगंगेच्या या काठाला नव्हता आणि त्या काठालाही नव्हता. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. नव्वद-पंच्याण्णवच्या सुमारास बँकेतल्या बदलीमुळे मी कोल्हापूरला आलो आणि खोली शोधत शाहूपुरीत त्यांच्या दारात उभा राहिलो, तेव्हा ते पायरीवर बसून दात कोरत होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, चपलांकडे पाहिलं. "बँकेत हाय न्हवं? वरची खोली घ्या. चपला तेवढ्या बदला." मी नाव सांगायला तोंड उघडेपर्यंत ते किल्ली आणायला आत गेलेसुद्धा. मी बँकेत आहे हे त्यांना कसं समजलं, ते मला अजून समजलेलं नाही. चपला मात्र मी त्याच संध्याकाळी बदलल्या.

अण्णांचा धंदा गुळाचा. मार्केट यार्डात सौदा सुरू झाला की गुळाच्या रव्यांच्या, म्हणजे ढेपांच्या, थप्प्यांमधून ते रमतगमत निघायचे, चालता चालता एखाद्या रव्याचा खडा मोडून जिभेवर ठेवायचे, आणि खडा विरघळायच्या आत बोली करून पुढच्या थप्पीपाशी पोचायचे. ऊस कुणाच्या रानातला, गुऱ्हाळावर गडी कोण होता आणि त्या दिवशी त्याचं बायकोशी भांडण झालं होतं का, एवढं सगळं अण्णांना त्या खड्यात कळतं, असं यार्डातले हमाल शपथेवर सांगत. हीच पद्धत त्यांनी घरी आणली होती. थोरल्या मुलीसाठी इचलकरंजीला स्थळ बघायला गेले, तेव्हा पोहे यायच्या आत "ठरलं" म्हणून मोकळे झाले. परत येताना स्टँडवर अक्कांनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, विचारलं, "त्या दोघा भावांतला नवरदेव कुठला?" अण्णा म्हणाले, "कुठला का असंना, घर चांगलं हाय." सुदैवाने थोरल्याचं लग्न आधीच झालेलं निघालं, त्यामुळे प्रश्नच उरला नाही. माझी मिशी त्यांच्या सांगण्यावरून गेली आणि दोन वर्षांनी त्यांच्याच सांगण्यावरून परत आली. दोन्ही वेळा त्यांचं बरोबर होतं, हे मला नाइलाजाने कबूल करावं लागतं.

ससाही असाच आला. गारगोटीच्या बाजारात एक माणूस बुट्टीत पांढरा ससा घेऊन बसला होता. अण्णांनी विचारलं, "कशाला इकतोयस?" तो म्हणाला, "रस्सा झ्याक हुतोय की." अण्णांच्या लिंगायत घरात अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. पुढचं बोलणं झालंच नाही. तासाभराने ससा अण्णांच्या कोटाच्या आत बसून एसटीने कोल्हापूरला निघाला होता आणि वाटेतच त्याचं नाव पैलवान असं ठरलं होतं. पैलवानाला सकाळी मेथी, दुपारी कोथिंबिरीचे देठ आणि संध्याकाळी गच्चीवर फेरफटका. अण्णा जेवायला बसले की तो त्यांच्या मांडीला टेकून बसायचा, आणि यार्डात आवाजाने पत्रे हलवणारे अण्णा त्याला दिवसभराचे भाव हळू आवाजात सांगायचे. अक्का म्हणायच्या, "माझ्यासंगं तीस वर्सांत एवढं बोलला न्हाईसा."

सहाव्या वर्षी पैलवानाच्या लघवीतून रक्त गेलं. अण्णा त्याला कोटात घालून गुरांच्या डॉक्टरांकडे गेले, बरोबर मी होतो. डॉक्टरांचा सारा जन्म म्हशींत गेलेला. त्यांनी पोट चाचपलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाले, "अण्णा, ही मादी आहे." सहा वर्षं पैलवान म्हणून मिरवलेला ससा! पण अण्णांनी पापणीही हलवली नाही. "असंना. तिला काय हुतंय ते सांगा." डॉक्टर म्हणाले, "गर्भाशयात गाठ लागतेय. कॅन्सरचीच असणार. या वयात सशाच्या माद्यांना होते." मग छातीत पसरलाय का ते पाहायला माणसांच्या एक्स-रेवाल्याकडे वरात गेली. दुपारच्या सुट्टीत त्याने गुपचूप फोटो काढून दिला. छाती स्वच्छ होती. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. ऑपरेशन करून गर्भाशय काढलं तर वाचेल, पण ससा फार नाजूक, भुलीतून उठेलच असं नाही. नाही केलं तर चारसहा महिने. "कधी करायचं सांगा."

मी घड्याळाकडे पाहिलं. अण्णांचा निर्णय म्हणजे पाच सेकंदांचं काम. अण्णांनी पैलवानाला परत कोटात घातलं आणि ते म्हणाले, "आठ दिवस द्या की."

तसले आठ दिवस गल्लीने कधी पाहिले नव्हते. अण्णा दिसेल त्याला विचारू लागले. यार्डातला हमाल म्हणाला, "कापू नका, जीव एवढासा हाय." शेजारचा शिंपी म्हणाला, "कापा, गाठ वाढत जाती." घरी पूजेला येणाऱ्या जंगमांनी डोळे मिटून बराच वेळ विचार केला आणि डोळे उघडून चहा मागितला. सौद्यात अण्णा जिभेवर खडा ठेवून तसेच उभे राहायचे आणि समोरून थप्पीच्या थप्पी दुसऱ्यांच्या नावावर जायची. मला तर त्यांनी जिन्यात रोज दोनदा गाठलं. सोमवारी मी "करा" म्हणालो, मंगळवारी त्यांचा चेहरा बघून "नको" म्हणालो. पैलवान मात्र मांडीला टेकून मेथी खात होती, आणि अण्णा तिला भाव सांगायचं विसरत होते. शेवटी अक्का वैतागून म्हणाल्या, "जोतिबाला जावा आणि देवालाच इचारून या. माणसं दमली आता."

आठव्या दिवशी अण्णा जोतिबाला जाऊन आले. कपाळभर गुलाल तसाच घेऊन ते थेट माझ्या खोलीत आले आणि माझ्या कॉटवर बसले.

"काय म्हणाला देव?" मी विचारलं.

"इचारलंच न्हाय. तासभर रांगेत हुतो. समोर गेलो आणि वाटलं, त्यानं करू नको म्हटलं तर? मी काय ऐकणार हुतो व्हय?"

"मग तुमचं ठरलंच की, अण्णा."

ते बराच वेळ गुलालाचे हात एकमेकांवर चोळत राहिले. "बँकवाले, गुळाचं कसं असतंय, माझा अंदाज चुकला तर माझं जातंय. हितं मी चुकलो तर तिचं जातंय. आणि ती काय मला बोलायची न्हाय." इतकी वर्षं मी या माणसाला हसत आलो होतो, पण त्या वेळी मला त्यांच्याबद्दल जी माया वाटली ती घरच्या माणसांबद्दलसुद्धा क्वचित वाटली असेल. मी पाणी दिलं. ते प्याले, उठले आणि जिन्यातूनच ओरडले, "अगं, उद्या सकाळी डॉक्टरांकडं जायाचं हाय!"

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर आम्ही दोघं आणि म्हैस घेऊन आलेला एक शेतकरी. त्याने वेळ जायला म्हणून विचारलं, "पावणं, आत कोण हाय?"

"पैलवान," अण्णा म्हणाले.

"काय झालंय पैलवानाला?"

"गर्भाशय काढायचं हाय."

शेतकऱ्याने एकदा अण्णांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हशीला घेऊन जरा लांब उभा राहिला. तासाभराने डॉक्टर घाम पुसत बाहेर आले आणि म्हणाले, "जागी झाली. कान हलवतेय." अण्णांनी कोटाच्या खिशातून गुळाचा खडा काढला, तो मोडून डॉक्टरांना दिला, मला दिला, लांब जाऊन शेतकऱ्याला दिला, म्हशीला दिला, आणि मग भिंतीकडे तोंड करून रडले.

पैलवान बरी झाली, पण अण्णा काही पूर्वीसारखे झाले नाहीत. गुळाचा सौदा सोडला तर प्रत्येक गोष्टीला ते आठ दिवस मागू लागले. धाकट्या मुलीचं स्थळ त्यांनी तीनदा पाहिलं, आणि नवरदेव कोणता ते पहिल्याच भेटीत विचारून घेतलं. वर्षाने माझी बढतीवर नागपूरला बदली झाली. मी पेढे घेऊन खाली गेलो. पूर्वीचे अण्णा पेढा तोंडात असतानाच "जावा" म्हणाले असते. हे अण्णा म्हणाले, "आठ दिवस द्या." बदली बँकेने केली होती, अण्णांनी नव्हे, तरी मी आठ दिवस थांबलो. नवव्या दिवशी सामान टेंपोत चढताना ते पैलवानाला काखेत घेऊन उभे होते. "जावा," म्हणाले. "खोलीचं बघतो मी. आठ दिवसांत कुणालातरी देतो."

पुढच्या वर्षी नागपूरला फोन आला. "बँकवाले, पैलवान गेली. सकाळी मेथी खाल्ली, दुपारी माझ्या मांडीपाशी झोपली ती उठली न्हाय." मग म्हणाले, "दोन वर्सं जास्तीची मिळाली की. चुकलं न्हाय आपलं." आपलं म्हणाले ते, हे मला फोन ठेवल्यावर जाणवलं.

मध्ये बऱ्याच वर्षांनी कोल्हापूरला गेलो होतो. अण्णा पायरीवरच बसले होते, थकले आहेत. त्यांनी आधी माझ्या चपला पाहिल्या, मग किल्ली काढून हातात दिली. वर खोलीत माझी कॉट तशीच होती, तिच्या चादरीवर गुलालाचा डाग होता. खाली आल्यावर मी म्हणालो, "अण्णा, एवढी वर्षं झाली, खोली दिली नाहीत कुणाला?"

"देतो की," अण्णा म्हणाले. "इचार चाललाय."