जोडलेलं फोल्डर

वाळल्या मिरचीचा ठसका लागला की मला जुन्या जालन्यातलं, मिरचीच्या आडतीवरचं आमचं ऑफिस आठवतं. मी बनवलेलं सॉफ्टवेअर एके दिवशी आमचे सर भोकरदनच्या गिऱ्हाइकाला स्वतःचं म्हणून दाखवणार होते. त्याआधी सर कंटेनर, म्हणजे सॉफ्टवेअर चालवून बघायचा कॉम्प्युटरच्या आतला वेगळा कप्पा, साफ करायला बसले. ‘‘सर, यातलं फोल्डर मेन कॉम्प्युटरशी जोडलेलं हाय. इथं पुसलं तर तिथलंबी जाईल,’’ मी म्हणालो. ‘‘तू मला शिकवू राह्यला? चहा सांग जल्दी!’’ म्हणत त्यांनी बटण दाबलं. सगळं सॉफ्टवेअर गेलं. जिन्यात गिऱ्हाइकाचं खोकणं ऐकू आलं, तसे सर कुजबुजले, ‘‘तुझ्याकडं कॉपी असंल ना?’’ खिशातला पेनड्राइव्ह चाचपत मी म्हणालो, ‘‘न्हाई सर. चहा किती सांगू?’’ तो पेनड्राइव्ह मी अजून जपून ठेवलाय.